भोकं असलेला काळा दगड म्हणजे अशनी नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: शेतात काळा, जड, भोकाभोकांचा दगड सापडला, त्याला लोहचुंबक चिकटला आणि तो हाताला गरम लागला, तर ती आकाशातून पडलेली अशनी समजा. किंमत म्हणे कोटीत!

आधी भोकं, कारण सगळ्यात जास्त लोक त्यांनीच फसतात. वितळलेल्या पदार्थात वायू कोंडला की बुडबुड्यांच्या जागी भोकं उरतात. फाउंड्रीतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना निघणारी मळी, असाच दिसतो, आपला सह्याद्रीचा बेसाल्टही. अशनीत अशी भोकं जवळपास नसतातच. असले तर ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे उथळ खळगे.

काळा रंग खरा, पण तो वरवरचा. वितळून गोठलेलं ते कवच बहुधा एक मिलिमीटरहून पातळ असतं. कोपरा उडाला असेल तिथे निरखून बघा: बहुतेक दगडी अशनींत आत फिकट राखाडी रंग आणि धातूचे बारीक चमकते कण दिसतात. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेल्या अशनी याच दगडी जातीच्या.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, त्यामुळे चुंबक त्यालाही ओढतो. शिवाय जोरदार चुंबक लावला तर अशनीतली मूळ चुंबकीय नोंद, म्हणजे तिच्यात जपलेली जुन्या चुंबकत्वाची खूण, पुसली जाते. म्हणजे खरी सापडली तर मेसेजवाल्यांनी तिचं नुकसानच केलं. त्यापेक्षा टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बघा. लालसर रेघ उठली तर हेमाटाइट हे दुसरं लोहखनिज, काळी उठली तर मॅग्नेटाइट. ताज्या अशनीची सहसा रेघ उठत नाही.

गरमपणाचं तर उलटंच आहे. साधारण १५ ते २० किलोमीटर उंचीवरच पडणाऱ्या अशनीचा उजेड विझतो, वितळलेला थर वाटेतच उडून गेलेला असतो आणि पुढची काही मिनिटं ती थंड हवेतून खाली येते, त्यामुळे पडल्यावर ती सहसा गरम नसते. मे महिन्यात नागपुरात कुठलाही दगड गरमच लागणार, ते सोडा.

‘पण आम्ही पडताना पाहिलं!’ २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात अनेकांनी पाहिलं आणि उल्कावर्षाव म्हटलं. सिंदेवाही तालुक्यात सापडलं ते धातूचं भलंमोठं कडं. तज्ज्ञांच्या मते चिनी रॉकेटचा तुकडा. उल्का काही सेकंदांत संपते, असा कचरा मात्र आकाशात रेंगाळत जातो.

किंमत? दगडी अशनींत सर्वसाधारण जातीच जास्त, कोटी विसरा. संशय पक्का वाटला तर दगड धुऊ नका, कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवा, जागेचा फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनी जतन करण्याचं काम त्यांच्याकडेच आहे.