भाऊसाहेब, लाईन तोडू का?

थकबाकीदार व्हायचं तर आधी काहीतरी थकवावं लागतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. मी बिल आलं की भरणाऱ्यांतला. लवकर भरल्याबद्दल मिळणारी एक टक्का सवलत म्हणजे पाच-दहा रुपये, पण ते सुटले की मला दिवसभर व्यवहारचतुर वाटत राहतं. अशा माणसाला भर ऑफिसात, डबा उघडताना, फोनवर कुणीतरी विचारतं, "काय ओ, वीज फुकट येते व्हय?"

कारण साधं आहे. मी नवीन सिमकार्ड घेतलं. आता सिमकार्ड नवीन असलं म्हणजे नंबर नवीन असतोच असं नाही. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपन्या 90 दिवस बाजूला ठेवतात आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालतात. तेवढ्या दिवसांत माणसाचं सुतक फिटतं, थकबाकी फिटत नाही. माझ्या नंबरचे आधीचे मालक सोलापूरकडच्या एका गावात पिठाची गिरणी चालवतात. त्यांचं नाव मी सांगणार नाही. थकबाकीदारालाही अब्रू असते आणि त्यांची तर सध्या माझ्याच खिशात आहे. फोन करणारे त्यांना 'भाऊसाहेब' म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

सुरुवात टेपवरच्या बाईंपासून झाली. "प्रिय ग्राहक, आपले वीज देयक थकीत असून..." बाईंचा आवाज इतका मायाळू की दोनदा ऐकावा. मी त्यांना "अहो, मी तो नव्हे" असं सांगूनही पाहिलं. त्या आपलं वाक्य पुरं करूनच थांबल्या. नंतर लक्षात आलं की त्या सगळ्यात समजूतदार होत्या. माझं ऐकत नव्हत्या, पण निदान उलट बोलत नव्हत्या.

त्यानंतर जिवंत माणसं आली.

"भाऊसाहेब का?"

"नाही हो, राँग नंबर."

"सगळे असंच म्हणतात."

यावर काय बोलणार? सगळे असंच म्हणत असणार, यात मला तरी शंका नाही.

"अहो, मी ठाण्यात राहतो."

"म्हणजे गिरणी इथं टाकून तुम्ही ठाण्याला पळाला?"

मी आधार कार्ड दाखवायला तयार होतो, पॅन कार्ड दाखवायला तयार होतो. पण फोनवरून माणूस आपण कोण नाही हे कसं सिद्ध करणार? मी कोण आहे याचे कागद माझ्याकडे ढीगभर आहेत. मी भाऊसाहेब नाही असा दाखला कुठलंच तहसील कार्यालय देत नाही.

एकदा मी अंघोळीला गेलो असताना फोन बायकोने उचलला. बाहेर आलो तर ती हॉलमध्ये कंबरेवर हात ठेवून उभी. "गिरणी कधी घेतलीस?" मी सगळा प्रकार सांगितला. तिला तो पटला, पण पूर्ण नाही. "ते म्हणत होते पाच वर्षं चालू आहे गिरणी," ती म्हणाली, "आणि मी इथे गव्हाचं पीठ विकत आणते."

नंबर कळवून काढून टाकावा म्हणून मी वीज कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन केला. भरपूर सनई ऐकल्यावर एक मुलगा आला. त्याने ग्राहक क्रमांक मागितला. तो बारा आकड्यांचा असतो आणि बिलावर असतो. बिल भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब कुठे ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तर सगळे मला फोन करतात. मुलगा नम्रपणे म्हणाला, "मूळ ग्राहकाने लेखी अर्ज करावा लागेल, सर." मी म्हटलं, मूळ ग्राहक सापडला असता तर तुम्ही त्यालाच नसता का फोन केला? "आणखी काही मदत करू शकतो का, सर?" असं विचारून त्याने फोन ठेवला.

असं म्हणत म्हणत मार्च आला.

मार्च महिना काय असतो हे नोकरदाराला वाटतं आपल्याला कळतं, कारण टॅक्सचे कागद द्यायचे असतात. खरा मार्च वसुलीवाल्यांचा. शनिवार-रविवारी बिल भरणा केंद्रं उघडी, साहेब फिल्डवर, वायरमन रजेवर जाऊ शकत नाही, आणि संध्याकाळी आकडा वर कळवायचा. महापालिका तर त्याच्याही पुढे गेलेल्या आहेत. पुण्यात मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजलेला आहे आणि नाशिकमध्ये ढोल. त्या मानाने माझ्या दारात कुणी काही वाजवलं नाही. फक्त फोन वाजत राहिला.

एका दुपारी आमची मीटिंग चालू असताना भाऊसाहेबांच्या नंबरवर, म्हणजे माझ्या, फोन आला. मी कॉरिडॉरमध्ये गेलो. पलीकडून आधी माणसाचा आवाज आलाच नाही. घरघर, घरघर, पट्ट्याचा फटफटाट, मध्येच कुणीतरी डबा आपटल्याचा आवाज.

"ऐकू येतंय का, भाऊसाहेब?"

"कोण बोलतंय?"

"वायरमन बोलतोय. तुमच्या गिरणीच्या दारात उभाय. गिरणी चालूय, आन् तुम्ही म्हणताय गिरणी माझी न्हाई."

आता आली का पंचाईत. वायरमन नुकताच बदलून आलेला, भाऊसाहेबांना त्याने पाहिलेलं नाही. गिरणीवरच्या पोराने "मालक परगावी गेलेत" एवढंच सांगितलं होतं. नवा नंबर मात्र त्याने काही केल्या दिला नाही. पोरगं चांगलं तयार केलेलं होतं.

मला त्या क्षणी काय झालं कोण जाणे. म्हणजे मी भाऊसाहेब नव्हतो, हे मला माहीत होतं. पण इतके दिवस एखाद्या माणसाच्या वाट्याच्या शिव्या खाल्ल्या की त्याच्याबद्दल आपोआप आपलेपणा वाटायला लागतो. मी आवाज चढवला. "वीज कायदा 2003, कलम 56. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दिलीत का?"

"दिली की."

"कुठे?"

"तुमच्या व्हॉट्सॲपवर."

मी फोन कानापासून काढून पाहिलं. होती. खात्याच्या नावापुढच्या निळ्या खुणेसकट, व्यवस्थित पीडीएफ, तीन आठवड्यांपूर्वीची. 'सुप्रभात'च्या दोन फुलांमध्ये पडलेली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने भाऊसाहेबांना नोटीस मिळालेली होती आणि ती मी घेतली होती.

"मग तोडू का लाईन?" वायरमनने विचारलं. खरं सांगतो, त्याच्या आवाजात जोर नव्हता. मार्चच्या उन्हात पोलाखाली उभं राहून खांद्यावरच्या दोराची गुंडाळी सांभाळत दिवसभर हाच प्रश्न विचारणारा माणूस होता तो. मी काही बोलायच्या आत फोन कुणीतरी ओढून घेतला.

"भाऊसाहेब, आवाज बसलाय जणू तुमचा? आवो, माझा शाळू निम्मा आत हाय आन् निम्मा टोपल्यात. घरात पाव्हणं आल्यात. येवढं दळाण हुंद्या, मग काय तोडायचं त्ये तोडू द्यात ह्यास्नी."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या शब्दावर काही अडलेलं नाही. ऑफिसात माझी सही तिसरी असते, आणि ती नसली तरी फाईल पुढे जाते. इथे साडेतीनशे किलोमीटरवर एक गिरणी माझ्या हो-नाहीवर फिरत होती.

"मावशी, फोन त्यांना द्या," मी म्हणालो. "हे बघा, मावशींचं दळण होऊ द्या. त्याच्या आत पोलाला हात लावायचा नाही."

"बरं," वायरमन म्हणाला. तो ऐकला! भाऊसाहेब असण्यात काहीतरी आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

मागून मावशी ओरडल्या, "दळणाचं पैसं बाजारादिवशी दिलं तर चालंल न्हवं?"

"द्या हो सावकाश!" मी म्हणालो आणि तरंगत मीटिंगमध्ये परतलो.

याच सुमारास आणखी एक फोन आला. हा माझ्या स्वतःच्या बिलाबद्दल होता, म्हणजे तसं त्याचं म्हणणं होतं. आधी मेसेज: आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज बंद होईल, ताबडतोब खालील अधिकाऱ्याशी संपर्क साधा. मग तो अधिकारीच. काय बोलणं हो त्याचं! "नमस्कार सर, जेवण झालं का? घाबरू नका, सर, मागच्या महिन्याचं पेमेंट आमच्याकडे अपडेट झालेलं नाही, एवढंच. मी एक छोटी फाइल पाठवतो, ती मोबाइलमध्ये घ्या, फक्त दहा रुपये भरा, मी बसल्या जागी अपडेट करतो." एकदाही आवाज चढला नाही, एकदाही "सगळे असंच म्हणतात" नाही. इतकी आपुलकी पाहूनच मी ओळखलं की हा चोर आहे.

ओळखायच्या इतरही खुणा आहेत. खरा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, अक्षरांच्या नावाने येतो आणि हल्ली त्या नावाच्या शेवटी 'एस' किंवा 'जी' असं एखादं अक्षर लावलेलं असतं. खऱ्या कार्यालयाला तुमच्या मोबाइलमध्ये फाइल उतरवण्यात आणि स्क्रीन बघण्यात काडीचाही रस नसतो. पण या झाल्या पुस्तकी खुणा. माझा अनुभव असा की रात्री साडेनऊला लाईन तोडणारा माणूस खरा असूच शकत नाही. खरा वायरमन शुक्रवारी दुपारी चारला तोडतो, म्हणजे सोमवारपर्यंत जोडायला कुणी नसतं.

तरी मी त्याला संधी दिली. म्हटलं, "साहेब, माझं बिल भरलेलंच आहे. पण आमच्या भाऊसाहेबांचं एक थकलंय, गिरणीचं. सव्वा टक्का विलंब आकार, वर व्याज, असं करत बरंच झालंय. तेवढं दहा रुपयांत अपडेट होईल का?" थोडा वेळ तो गप्प होता. मग त्याने हिंदीत मला जे सांगितलं त्यावरून कळलं की हाही शेवटी वसुली खात्यातलाच. त्याचा नंबर मी सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर, 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीत कळवून टाकला. पैसे गेले असते तर सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, 1930 ला, फोन करावा लागला असता. एवढं मात्र मान्य करतो, की त्याचं बोलणं रेकॉर्ड करून खऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणात ऐकवायला हवं. पहिली दोन मिनिटं फक्त.

मार्च सरला आणि फोन थांबले. मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. गिरणी चालू आहे की बंद, मावशींचे पाहुणे गेले का, काही कळायला मार्ग नाही. मग एका सकाळी एक अनोळखी, भारदस्त आवाज आला.

"ओटीपी आला असंल बघा."

"कोण बोलताय?"

"ज्याचा नंबर तुम्ही वापरताय तो."

भाऊसाहेब! प्रत्यक्ष भाऊसाहेब! बिल त्यांनी भरलं होतं, आता पोराच्या मोबाइलवर ॲप घेऊन नंबर बदलत होते, आणि नंबर बदलण्याचा ओटीपी जुन्या नंबरवर, म्हणजे माझ्याकडे आला होता. त्याच मेसेजखाली लिहिलेलं: हा क्रमांक कोणालाही सांगू नका.

"तुम्ही भाऊसाहेबच कशावरून?" मी विचारलं.

"आयला, मीच कशावरून?" ते चांगलेच भडकले. मला त्यांचं दुःख कळत होतं. मी त्याच रांगेतून आलो होतो, फक्त उलट्या बाजूने.

"वायरमन दारात आला होता त्या दिवशी गिरणीत दळण कशाचं होतं?"

"शाळू व्हता. माझ्याच चुलतीचा. आन् त्येचं पैसं अजून दिलं न्हाईत तिनं. म्हणती भाऊसाहेबानं फोनवर सांगितलंय, सावकाश द्या."

मी लगेच ओटीपी सांगितला. तोपर्यंत त्याची मुदत संपली होती. दुसरा मागवला, तो सांगितला, काम झालं. त्यांनी आभार मानले, वायरमनला थोपवून धरल्याबद्दल दाद दिली, "तुमचा आवाज जरा बारीक हाय, पण बोलता बरं," असंही म्हणाले. गावाकडे आलात तर या म्हणाले. मी पण ठाण्याला या म्हणालो.

"आन् हे बघा," फोन ठेवता ठेवता भाऊसाहेब म्हणाले, "ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीला ह्योच नंबर दिलाय. गॅसलाबी ह्योच. पतसंस्थेत मी दोघांना जामीन हाय, तिथंबी ह्योच. पतसंस्थेवालं जरा तोंडानं फटकळ हायती, मनावर घिऊ नका. त्येंचा ओटीपी आला की मला फोन करा."

"पण तुमचा नवीन नंबर?"

"त्यो कुनाला देत न्हाई मी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ज्या नंबरवरून तो आला होता त्यावर मी परत लावून पाहिला. गिरणीवरच्या पोराने उचलला आणि सांगितलं, मालक परगावी गेलेत.