सोरायसिस रक्तातल्या घाणीने होत नाही

थंडी पडली की नाशिकमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. सोसायटीचा ग्रुप असो, भजनी मंडळाचा असो की द्राक्ष बागायतदारांचा, तो सगळीकडे पोहोचतो. सिंहस्थ जवळ आला तशी त्यात रामकुंडाची एक ओळही वाढली आहे. थोडक्यात मजकूर असा: "सोरायसिस, एक्झिमा, नायटा हे सगळे रक्त अशुद्ध झाल्याने होतात. प्रतिकारशक्ती कमी पडल्याने ते पसरतात, म्हणून रोज गुळवेलीचा काढा प्या. रोग्याचं टॉवेल-ताट वेगळं ठेवा, त्याला रामकुंडात उतरू देऊ नका. डॉक्टरांकडे स्टेरॉइडशिवाय काही नाही, महागडी इंजेक्शनंसुद्धा स्टेरॉइडच. दूध, वांगी, मासे बंद करा, आमची पुडी घ्या, 90 दिवसांत रोग मुळासकट जाईल."

पंचवटीत माझं मेडिकल आहे. हा मेसेज दाखवून "ही पुडी मिळेल का?" असं विचारणारे काउंटरवर नेहमी येतात. गर्दीत त्यांना नीट समजावता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

रामकुंडाची ओळ आधी घेतो, कारण तिने माणसं सगळ्यात जास्त दुखावतात. सोरायसिस, म्हणजे कातडीवर कोंड्याचे चट्टे उठवणारा आजार, लागत नाही. हात मिळवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने, एका ताटात जेवल्याने, एका कुंडात उतरल्याने तो कोणालाही होत नाही. मे 2014 मध्ये जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर खास ठराव केला, त्यातही तो असंसर्गजन्य आजार असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. एक्झिमा, म्हणजे आपलं इसब, तेही लागत नाही. लागतो तो नायटा, कारण तो बुरशीने होतो. त्याचं कारण वेगळं, औषध वेगळं, पण मेसेजने तिन्ही आजार एकाच दावणीला बांधले आहेत. या एका गैरसमजापायी ठरलेली लग्नं मोडतात, सुनेला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. ज्याला सोरायसिस आहे त्याने घरच्यांसोबत खुशाल पर्वणीचं स्नान करावं. भेगा पडून रक्त येत असेल तर जपावं ते त्याने स्वतःला, कारण गर्दीच्या पाण्यातले जंतू त्याच्या भेगांत शिरू शकतात. त्याच्यापासून इतरांना धोका नाही.

आता रक्ताचं. ही समजूत कुठून आली असावी ते चट्ट्याकडे जवळून पाहिलं की कळतं. कोपरावरचा चट्टा नखाने खरवडला की आधी पांढरा, चंदेरी कोंडा सुटतो, मग एक पातळ पापुद्रा निघतो आणि खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात. माणसाला वाटतं, आतलं खराब रक्त बाहेर येतंय. खरं कारण असं की तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगून त्वचेच्या अगदी वरपर्यंत आलेल्या असतात आणि त्यांच्यावरचं आवरण पातळ झालेलं असतं. रक्तात घाण नसते. रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात आणि सोरायसिसमध्ये ती आपलं काम चोख करत असतात. रक्त "काढून टाकायला" कातडीवर चिरे देणं किंवा कपिंग करणं, म्हणजे तुंबडी लावणं, तर उलटंच पडू शकतं. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांत जिथे कातडीला इजा होते तिथे नवा चट्टा उठतो. द्राक्षबागेत काम करणाऱ्या एकाच्या हातावर मांडवाच्या तारेचा ओरखडा होता. पुढे त्या ओरखड्याच्या रेषेतच चट्टे सरळ उगवलेले मी पाहिले. याला कोबनर परिणाम म्हणतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती प्रतिकारशक्तीच्या दाव्याची. सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिची एक फळी नको तिथे आणि नको तेवढी कामाला लागलेली असते. त्वचेतल्या पहारेकरी पेशी आयएल-23 नावाचा संदेश सोडतात. त्याने चेतवलेल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशी, आयएल-17 हा पुढचा संदेश सोडतात. तो संदेश मिळाला की त्वचेच्या पेशी सपाटून वाढायला लागतात. एरवी तळाची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, इथे तेच तीन ते पाच दिवसांत होतं. कोवळ्या पेशींचे थर साचतात, तोच कोंडा. वर त्वचेच्या पेशीही संदेश सोडून आणखी टी पेशींना बोलावतात, आणि चक्र थांबत नाही.

हे कसं उलगडलं तेही सांगण्यासारखं आहे. 1979 पर्यंत हा फक्त कातडीचा दोष मानला जाई. त्या वर्षी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सांधेदुखीसाठी घेणाऱ्या काही रुग्णांचं सोरायसिसही उतरल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. प्रतिकारशक्ती दाबली आणि चट्टे गेले. मग ती वाढवून ते कसे जातील? शिवाय गुळवेल सगळ्यांना निर्धोक नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं. पण जो सोरायसिससाठी आधीच मेथोट्रेक्सेट नावाचं औषध घेतोय आणि ज्याचं यकृत तपासत राहावं लागतं, त्याने डॉक्टरांना न विचारता रोज काढा पिऊ नये, हे मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो.

"स्टेरॉइडशिवाय काही नाही" हा दावा साफ खोटा आहे. स्टेरॉइडचं मलम हा उपचाराचा एक भाग आहे आणि ठरवून दिलेल्या जागी, ठरवून दिलेल्या मुदतीत ते चांगलं काम करतं. त्याशिवाय कॅल्सिपोट्रिऑलचं मलम आहे, कोलटार आहे, 311 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार आहे. पोटात घ्यायला मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅप्रेमिलास्ट आहेत. यातलं एकही स्टेरॉइड नाही. महागडी इंजेक्शनं म्हणजे बायोलॉजिक, तीही स्टेरॉइड नाहीत. ती त्या साखळीतला नेमका एकच संदेश अडवतात. सेक्युकिनुमॅब आयएल-17 अडवतं, अ‍ॅडालिमुमॅब टीएनएफ नावाचा दाहाचा दुसरा संदेश अडवतं. अ‍ॅडालिमुमॅबची स्वस्त आवृत्ती जगात पहिल्यांदा अहमदाबादच्या झायडसने 2014 मध्ये आणली. तरीही ती अनेकांच्या खिशाला जड जातात, आणि सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते, कारण दबलेला टीबी उफाळू शकतो.

मेथोट्रेक्सेट मात्र स्वस्त आहे आणि जुनं, पारखलेलं आहे. सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा काम थांबवते, जीवही जातो. म्हणून मी पाकिटावर वार लाल पेनाने लिहितो आणि घरच्या दुसऱ्या माणसालाही सांगतो. गरोदरपणात ते चालत नाही.

स्टेरॉइडची भीती घालणाऱ्या या मेसेजमध्ये विकली जाते ती बिनालेबलची पुडी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वारंवार उघडकीला आले आहेत. दोन दिवसांत खाज गायब, आठवड्यात कातडी स्वच्छ, मग चेहरा गोल व्हायला लागतो, साखर वाढते, आणि पुडी थांबली की अंगभर लाली उसळते. कधी पूभरले फोड येतात आणि थेट अ‍ॅडमिट करायची वेळ येते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची ट्यूब नेण्याचंही तसंच. नायट्याला ती लावली की खाज थांबते आणि बुरशी आत पसरते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मागितली जातात, आणि आमच्यातले काही जण देतात. ते थांबलं पाहिजे.

दूध, वांगी, मासे सोडल्याने सोरायसिस जातो याला पुरावा नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने फरक पडतो, दारू-सिगारेट सोडल्याने पडतो.

राहिले 90 दिवस. सोरायसिस आपणहून चढतो-उतरतो. आपल्याकडे कोरड्या थंडीत, निफाडला पारा घसरतो तेव्हा, तो बऱ्याच जणांचा उफाळतो आणि ऊन वाढलं की उतरतो. डिसेंबरात पुडी सुरू केलेल्याला मार्चमध्ये बरं वाटणारच. श्रेय पुडीला जातं, उन्हाला कोणी देत नाही. रोग कायमचा घालवणारं औषध आज नाही, पण वर्षानुवर्षं कातडी जवळपास स्वच्छ ठेवणारे उपचार आहेत. सिव्हिलमध्ये आणि आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवता येतं.

मेसेजमध्ये सांध्यांबद्दल एक अक्षर नाही. सोरायसिसच्या दहातल्या दोन-तीन जणांचे सांधे पुढे सुजतात, आणि हाड एकदा झिजलं की ते भरून येत नाही. सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असतील, टाच दुखत असेल, एखादं बोट आख्खंच सुजलं असेल, नखांवर बारीक खड्डे पडले असतील, तर थंडी सरायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा आणि त्यांना ही लक्षणं स्वतःहून सांगा.