अर्ज भरला म्हणून लेख?

'उमेदवारी अर्ज वैध ठरला की विकिपीडियावर लेख हवाच, मतदाराला माहिती मिळते' हे उमेदवारांच्या विकिपीडिया नोंदींबद्दल वाचलेल्या एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे ही माहिती प्रतिज्ञापत्रात असते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून संपादन करते. आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवारावर मतदानाच्या तोंडावर लेख आला, तो घरोघरी वाटलेल्या पत्रकाची सहीसही नक्कल होता! रक्तदान शिबिरं, वह्यावाटप, 'जनतेचा सेवक'. संदर्भ एकच, त्यांचंच फेसबुक पान. निकालानंतर तिकडे कुणी फिरकलंही नाही. मुंबईत नगरसेवकांच्या जागाच २२७ आहेत, उमेदवार किती होतील बघा.

डॉ. आंबेडकर १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेला हरले, काजरोळकर जिंकले. बाबासाहेबांवरच्या लेखाला त्या निकालाने काय फरक पडतो? त्यांचं काम उभं आहे, त्यावर इतरांनी भरभरून लिहिलंय. बघायचं ते हेच: उमेदवाराशी लागाबांधा नसलेल्या लोकांनी, निवडणुकीच्या धामधुमीबाहेर, सविस्तर काही लिहिलंय का? म्हणूनच, आमदार झाला की लेख आणि नगरसेवक असला तर थांबा, हा इंग्रजी विकिपीडियाचा ढोबळ संकेतही मला अपुरा वाटतो. मृणाल गोरे १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून आल्या, आमदार झाल्या १९७२ ला. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या लढल्या, त्याची नोंद घ्यायला आमदारकीची वाट कशाला बघायची?