मावशीला उणे 80 लागतं

शनिवारी दुपारी अडीचला, मे महिन्यात, पुण्यात, गेटवरच्या सिक्युरिटी मामांचा फोन. "मॅडम, तुमचं आइस्क्रीम आलंय बघा, धूर येतोय त्यातनं." मेसचा वरणभात तसाच टाकून मी पळाले, कारण धूर येतोय म्हणजे ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, शिल्लक आहे, म्हणजे अजून आशा आहे.

आइस्क्रीम म्हणजे आमच्या लॅबसाठी मागवलेलं ह्यूमन एचएसपी सेव्हन्टी, 50 मायक्रोग्रॅम. हीट शॉक प्रोटीन हो. पेशी तापली की आतली प्रोटीनं उलगडतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं ना, साधारण तसंच. तेव्हा हे महाशय त्या उलगडलेल्याला धरतात, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून सोडतात, परत धरतात, त्याची घडी नीट बसेपर्यंत. थोडक्यात लग्नघरात पदर खोचून रुसलेल्या, रडणाऱ्या सगळ्यांना सांभाळणारी मावशी. आणि गरमीत सगळ्यांना सांभाळणाऱ्या या मावशीला स्वतःला ठेवायचं कुठे, तर उणे 80 अंश सेल्सिअसला! साध्या फ्रिजमध्ये चार दिवस ठेवलं तरी नखरे.

गेटवर पोचते तर मामांनी खोक्याचं झाकण काढून खोका भर उन्हात ठेवलेला. "गॅस कोंडला असता ना केबिनमध्ये." आता कार्बन डायऑक्साइड कोंडू नये हे शंभर टक्के बरोबर, त्यामुळे मला धड चिडताही येईना.

एवढा मोठा थर्माकोलचा खोका, त्यात बर्फ, त्यात पिशवी, त्यात अजून एक पिशवी आणि शेवटी करंगळीच्या पेराएवढी ट्यूब. रिकामी! दोन सेकंद माझंच प्रोटीन उलगडलं. मग आठवलं, प्रोटीनचं सगळं द्रावण 50 मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, तो झाकणाला चिकटून बसतो. बर्फावर वितळवली, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, आला खाली. माझी महिन्याची 37,000 ची फेलोशिप पुरली नसती असा तो थेंब. वर लेबल काय, तर फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. जीन माणसाचं, प्रोटीन बनवलं ई-कोलाय नावाच्या जिवाणूनं, आणि माणसानं हात लावायचा नाही.

परत परत गोठवलं-वितळवलं की बिघडतं म्हणून पाच-पाच मायक्रोलिटरचे दहा भाग करायचे. माझे नऊच झाले, दहावा कुठे जातो हे आजवर कुठल्याही लॅबमध्ये कुणाला कळलेलं नाही. तेवढ्यात सरांचा मेसेज, "मिळालं का? ट्यूबवर तारीख घाल." तारीख घातली, ग्लोव्हजला स्पिरिट होतं, पुसली गेली, परत घातली.

बाय द वे, या सगळ्याचा शोध लागला तोच गरमीमुळे. 1962 च्या सुमारास इटलीत फेरुचियो रितोसा या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं, आणि फळमाशीच्या अळीच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले, म्हणजे गरमीनं तिथली जीन्स कामाला लागलेली. आमच्याकडे कुणी इन्क्युबेटरचं बटण फिरवलं की शोध लागत नाही, मीटिंग लागते.

सोमवारी टेस्ट. काजव्याचं ल्युसिफरेज, म्हणजे त्याचा उजेड पाडणारं प्रोटीन, गरम करून बिघडवायचं, मग एचएसपीनं आपल्या मदतनीस प्रोटीनच्या जोडीनं ते सुधारलं की उजेड पडतो. माझ्याकडे मिट्ट अंधार. मंगळवारी परत अंधार. झालं, मामांचं ऊन भोवलं, असं म्हणत रात्रभर सरांना काय सांगायचं याची प्रॅक्टिस केली, आईनं फोनवर "जेवलीस का" विचारलं तर तिच्यावरच खेकसले. बुधवारी वही उघडली आणि दिसलं की मी दोन्ही दिवस एटीपीच घातलेलं नाही. मावशीला कामाला जुंपलं आणि साधा चहासुद्धा विचारला नाही! घातलं, दहा मिनिटांत मशीनवरचे आकडे चढायला लागले.

संध्याकाळी गेटवर मामा म्हणाले, "मॅडम, तो खोका लागतोय का तुम्हाला?" दिला. आता त्यात त्यांची ताकाची बाटली असते, आणि झाकण अगदी घट्ट लावलेलं असतं.