टाइप कशाला करता, व्हॉइस टाका!

आपल्याकडे व्हॉइसमेल काही रुजला नाही. बीपनंतर निरोप ठेवण्यापेक्षा मिस्ड कॉल फुकटात काम भागवायचा. २०१३ मध्ये व्हॉट्सॲपने माइकचं बटण दिलं आणि ती उणीव भरून निघाली. तुम्ही नोकरीत असा की धंद्यात, हे बटण नीट वापरता आलंच पाहिजे. हिशोब सरळ आहे: टाइप करायला तुमची दोन मिनिटं जातात, बोलायला एकही धड लागत नाही. ऐकणाऱ्याची किती जातात, तो त्याच्या खात्यातला खर्च.

बटण दाबून धरलं की अंगठा अवघडतो आणि माणूस आटोपतं घेतो. हा धोका टाळा. दाबल्या दाबल्या अंगठा वर सरकवा, कुलूप लागेल, मग हात मोकळा आणि तोंडही. रेकॉर्डिंग मध्येच थांबवायची सोय आहे, पाठवण्याआधी ऐकून बघायचीही आहे. दोन्हींकडे ढुंकूनही पाहू नका. थांबवून विचार केलात तर ‘अंऽऽ... काय म्हणत होतो मी?’ हे समोरच्याला कसं कळणार?

सुरुवात ‘हां हॅलो, नमस्कार सर, बिझी असाल म्हणून फोन नाही केला’ अशी करा. कामाचं शेवटी. तीन-चार मिनिटं म्हणजे बेताची लांबी. इतकं सलग जमत नसेल तर आठ-आठ सेकंदांचे अकरा तुकडे पाठवा. एक संपला की पुढचा आपोआप वाजतो. यातल्या सातव्यात ‘नाही नाही, मघाचं सोडा, ते कॅन्सल’ असावं. तिसरा ऐकून कामाला लागणाऱ्या उतावळ्यांना तेवढाच धडा.

जागा म्हणाल तर चालती स्कूटर उत्तम. माइक फोनच्या खालच्या कडेला असतो, त्यामुळे करंगळी तिथेच टेकवा, वारा समोरून घ्या. डोंबिवलीचा फलाटही चालेल; तुमच्या आवाजावर ‘कृपया लक्ष द्या’ बसलं की निरोपाला वजन येतं.

आता खरी कसोटी: जीएसटी नंबर. पंधरा खणांचा हा नंबर टाइप करून किंवा बिलाचा फोटो काढून पाठवणं हा पळपुटेपणा झाला. तोंडीच सांगा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र म्हणजे २७, ते कोणालाही कळतात, म्हणून ते सावकाश, दोनदा म्हणा. पुढची दहा पॅनची, पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. ती एका दमात. बी, डी, पी, टी या सगळ्यांची शेपटी ‘ई’च, फरक काय तो सुरुवातीच्या एका क्षणात, आणि नेमका तेवढाच मागच्या रिक्षाचा हॉर्न गिळतो. ‘पी फॉर पुणे’ म्हणायचा मोह आवरा. शेवटचं अक्षर तपासणीचं असल्यामुळे एक खण चुकला तरी पोर्टल नंबर घेत नाही. मग अकाउंटंट एक हात कानावर ठेवून तुम्हाला चौथ्यांदा ऐकतो. वीस तारखेला, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, पाठवलंत तर आणखी मन लावून ऐकेल.

रकमेला मात्र अशी तपासणी नसते. ‘साठ हजार’मधला ‘स’ वाऱ्याने नेला की ‘आठ हजार’ बिनबोभाट खात्यात जमा होतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर हीसुद्धा हमखास जोडी. आकडा पुन्हा इंग्रजीत सांगून या गमतीवर पाणी फिरवू नका.

साहेबांविषयीचं मत असल्या मेसेजच्या शेवटी ठेवावं, तेही आवाज न बदलता. फोन कानाला लावला तर आवाज कानात येतो, हातात धरला तर स्पीकरवर. मीटिंगमध्ये बसलेला माणूस तो कानाला लावत नाही, टेबलाखाली धरतो. तुम्हाला हे उशिरा सुचलं तरी साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढी पाटी राहते, आणि ती वाचून तो काय होता हे विचारायला साहेब स्वतःच फोन करतात.

समोरचा हुशार असेल तर दुप्पट वेगाने ऐकेल. २०२१ पासून ही पळवाट आहे. त्यावर उतारा म्हणजे आधीच भराभर बोलणं. २०२४ मध्ये व्हॉइसचं लिखाण करून देणारी सोय आली, पण काही मोजक्याच भाषांत. ‘ते डिस्पॅचचं कल तक करून घ्या ना जरा’ अशी मराठी बोलत राहा, तिच्या हाती काही लागत नाही.

पुरावा तुमच्याच बाजूने असतो, तेही विसरू नका. निळी टिक लोक बंद करून ठेवतात, पण व्हॉइस वाजवला की माइक निळा होतोच, तो बंद करता येत नाही. उलट सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल की दर कधी ठरला, तेव्हा समोरच्याला शोधायचं म्हटलं तरी शोधता येत नाही. सर्चमध्ये शब्द टाकला तर आवाज काही सापडत नाही. त्र्याहत्तर एकसारख्या वेड्यावाकड्या रेघा, एकेक वाजवत बसायच्या.

मेसेज गेला? आता एक मिनिट थांबा आणि फोन लावा. ‘व्हॉइस टाकलाय, ऐकलात का? नाही? बरं, मग आत्ताच सांगतो.’