कॉलेजं पालकांनी बंद ठेवली नव्हती

गेले काही दिवस गोव्यातल्या पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: कोविडच्या काळात गोव्यातल्या आईवडिलांनी फाजील भीतीपोटी मुलांना कॉलेजात जाऊ दिलं नाही. तरुणांना त्या रोगाचा धोका नव्हताच. तीच मुलं किनाऱ्यांवर आणि लग्नांत फिरत होती तेव्हा पालक गप्प होते. कॉलेजांनी थर्मामीटरपासून सॅनिटायझरपर्यंत सगळी सोय केली होती. लस आल्यावर तर नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. खरं कारण एकच, घरबसल्या मिळणारे मार्क. आणि शेवटी ठपका, की एका पिढीचं शिक्षण पालकांनी बुडवलं.

माझी मुलगी तेव्हा बीएस्सीला होती आणि मुलगा बारावीत. आमचं घर डिचोली तालुक्यात, घरात सासूबाई. हा मजकूर मला मुलीनेच पाठवला आणि विचारलं, "आई, हे खरं आहे का गं?" तिची उमेदीची दोन वर्षं गेली आहेत, तिला विचारायचा हक्क आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

पहिला मुद्दा धोक्याचा. वीस वर्षांच्या निरोगी मुलाला हा आजार जिवावर बेतण्याची शक्यता कमी होती, हे बरोबर आहे. आम्हालाही ते तेव्हाच माहीत होतं. पण गोव्यातली बहुतेक मुलं वसतिगृहात राहत नाहीत. केरी, वाळपईहून सकाळची बस धरून साखळीला किंवा पणजीला जातात आणि संध्याकाळी घरी येतात. घरात आजी असते, साखरेचा त्रास असलेला बाप असतो, दम्याची काकू असते. लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो आणि तरुणांत तर पुष्कळांना लक्षणं दिसतच नाहीत. म्हणजे मूल ठणठणीत आणि आजी आयसीयूत, असं घडणं शक्य होतं. ते घडलंही. कोविडने गोव्यात सुमारे 4 हजार माणसं गेली. आपली लोकसंख्या 15 लाखांच्या आसपास. दर हजार माणसांमागे अडीचहून जास्त मृत्यू, म्हणजे ओळखीतलं कुणी ना कुणी गेलं नाही असा माणूस विरळाच.

आणि ती भीती फाजील म्हणणाऱ्यांनी मे 2021 आठवावा. त्या महिन्याच्या सुरुवातीला राज्यात तपासलेल्या दर दोन माणसांत एक बाधित निघत होता. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान ऑक्सिजनचा दाब कमी पडत होता आणि माणसं जात होती. 11 मे रोजी 26 मृत्यू झाल्याचं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. त्याआधीच गोमेकॉतल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने ऑक्सिजनच्या तुटवड्याबद्दल लेखी कळवलं होतं. हे निवासी डॉक्टर म्हणजे पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थीच, पंचविशी-तिशीतली आपली मुलं. त्यांनी ते सगळं रात्रपाळीत उभं राहून पाहिलं. गोव्यात गंभीर रुग्णांसाठी शेवटचा आधार असलेलं सरकारी इस्पितळ हे एकच. तिथे जागा नाही, प्राणवायू नाही, हे डोळ्यांसमोर असताना एखाद्या आईने "माझ्या सासूला काही झालं तर मी तिला कुठे नेऊ?" असं विचारलं, तर त्यात फाजील काय होतं?

किनाऱ्यांचा मुद्दा सगळ्यांत जास्त टाळ्या घेतो, आणि त्यात तथ्य आहे. मुलं कळंगुटला जात होती. चवथीला घरोघर फिरत होती. काही पालकांनी त्याकडे डोळेझाक केली, तेही मान्य. पण या मजकुरात एक गोष्ट बेमालूम दडवली आहे: कॉलेज उघडण्याची किल्ली कुणाच्या हातात होती? मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली ती सरकारी आदेशाने. 2 जुलै 2020 पासून देशी पर्यटकांना गोवा खुला झाला. 1 नोव्हेंबर 2020 पासून कॅसिनो निम्म्या क्षमतेने सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाची, कॉलेजं कशी उघडावीत याची मार्गदर्शक सूचना आली त्यानंतर, 5 नोव्हेंबरला. जुगाराची टेबलं आधी आणि प्रयोगशाळा नंतर, हा क्रम कुठल्याही पालक सभेत ठरला नव्हता. मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांचे दिवे लागलेले पाहून आमच्यापैकी कितीतरी जणांचा जीव तळमळला. तो राग ज्यांनी क्रम ठरवला त्यांच्याकडे जायला हवा.

शिवाय उघड्या वाळूवर तासभर बसणं आणि खिडक्या लावलेल्या वर्गात साठ जणांनी पाच तास बसणं, यात संसर्गाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

त्यावरून व्यवस्थेच्या मुद्द्याकडे येते, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे.

फाटकावर कपाळाला बंदूक लावून ताप पाहायचा, हातावर सॅनिटायझर, बाकांवर फवारणी. हे सगळं झालं, कुणी नाकारत नाही. पण ताप नसलेला बाधित त्या बंदुकीला सापडत नाही. आणि हा विषाणू मुख्यतः पसरत होता तो श्वासातून, बोलण्यातून हवेत राहणाऱ्या बारीक कणांमार्फत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2021 च्या अखेरीस हे स्पष्ट शब्दांत मांडलं, की कोंदट, गर्दीच्या बंद जागांत हवेतून संसर्ग होतो. म्हणजे विचारायचं होतं ते खिडक्यांबद्दल. आमच्या मुलीच्या कॉलेजची ऑनलाईन पालक सभा झाली तेव्हा आम्ही तेच विचारलं. वर्गात किती मुलं बसवणार? एसीच्या संगणक कक्षाचं काय? एखादा विद्यार्थी बाधित निघाला तर बाकीच्यांच्या घरी कोण कळवणार, आणि किती तासांत? बसमध्ये उभं राहून येणाऱ्या मुलांसाठी वेळ पुढेमागे करणार का? बाहेरगावची मुलं ताळगावला, फोंड्याला एका खोलीत तिघं-तिघं पेइंग गेस्ट म्हणून राहतात, त्यातलं एक आजारी पडलं तर ते झोपणार कुठे? उत्तर आलं, "आपण सर्व नियमांचे पालन करणार आहोत, फाटकावर सॅनिटायझर असेल." एका बाबांनी पुन्हा विचारलं तेव्हा सभा संपली.

मजकूर लिहिणाऱ्याला नियमांचं एवढं कौतुक असेल तर त्याने ते वाचायला हवे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्याच 5 नोव्हेंबरच्या सूचनेत एका वेळी निम्म्याहून जास्त विद्यार्थी नकोत असं होतं. वसतिगृहात एका खोलीत दोघांना ठेवू नये असं होतं. आणि ज्या विद्यार्थ्याला घरी राहून ऑनलाईन शिकायचं आहे त्याला ती मुभा आणि अभ्याससामग्री द्यावी, हेही होतं. म्हणजे ज्यांनी मुलाला घरी ठेवलं त्यांनी नियमानेच दिलेली वाट धरली.

लस आल्यावर कारण उरलं नाही म्हणे. सप्टेंबर 2021 मध्ये गोव्यात पात्र प्रौढांना पहिला डोस शंभर टक्के दिल्याचा गाजावाजा झाला, 18 तारखेला पंतप्रधानांनी गोव्यातल्या लोकांशी संवाद साधला. पण तो पहिला डोस होता. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा किमान बारा आठवड्यांचं अंतर ठेवायचं होतं आणि एकाच डोसाने डेल्टापासून मिळणारं संरक्षण बरंच कमी होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारी कितीतरी मुलं सतरा वर्षांची असतात. अठराच्या आतल्यांना लस सुरू झाली ती 3 जानेवारी 2022 ला. त्याच आठवड्यात ओमिक्रॉनमुळे राज्य सरकारने शाळा-कॉलेजं 26 जानेवारीपर्यंत पुन्हा बंद केली. सरकारने केलं ती दक्षता आणि घरात आईने केली ती घबराट, हा न्याय मला पटत नाही.

लसीने मोठा फरक पडला हे मी मनापासून मानते. सासूबाईंचे दोन्ही डोस झाल्यावर मुलगी प्रॅक्टिकलला जायला लागली. आमच्या वाड्यावर बहुतेक घरांत असंच झालं. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं त्यांनी आधी पाठवलं, ज्यांच्याकडे डायलिसिसचा रुग्ण होता त्यांनी सगळ्यांत शेवटी. ज्याने त्याने आपल्या घरचं पाहून ठरवलं.

मार्कांच्या आरोपावर फार लिहिण्यासारखं नाही. सत्तरी आणि सांगे तालुक्यातली मुलं रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून बसत होती, पावसात छत्री धरून. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, ऑनलाईनचा प्रश्नच नव्हता. अशा मुलांचे आईवडील मार्कांच्या लोभाने खूश होते असं म्हणणाऱ्याने त्यांच्यापैकी एकाच्याही घरी पाय ठेवलेला नाही.

राहिला पिढीचा मुद्दा. नुकसान झालं, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. माझ्या मुलीने टायट्रेशन हा रसायनशास्त्राचा प्रयोग पहिल्यांदा पडद्यावर पाहिला, त्यासाठी लागणारी ब्युरेट ही काचेची नळी हातात आली ती दीड वर्षाने. मैत्रिणी नाहीत, कॅन्टीन नाही, गॅदरिंग नाही. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागी असायची. हे सगळं मला दिसत होतं, आणि म्हणूनच आम्हाला कॉलेज उघडायला हवं होतं. प्रश्न विचारणारे पालक कॉलेजच्या विरोधात होते हा या मजकुराचा सगळ्यांत मोठा खोटेपणा. खिडक्यांबद्दल विचारणाऱ्याला मुलगी वर्गात बसलेलीच पाहायची असते.

भरून काढता येण्यासारखं पुष्कळ होतं. सुटीत जादा प्रॅक्टिकल घेता आली असती, शेवटच्या वर्षाच्या मुलांना पदवीनंतरही काही आठवडे प्रयोगशाळा वापरू देता आली असती. दुपारच्या पाळीत छोट्या तुकड्या करता आल्या असत्या. आम्ही हे सुचवलं होतं. आमच्या कॉलेजात यातलं काही झालं नाही, आणि त्यात पालकांच्या भीतीचा काही संबंध नव्हता.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना पिढीची काळजी असेल तर त्यांनी आपापल्या कॉलेजकडे आज लेखी मागावं: प्रत्येक वर्गाच्या किती खिडक्या उघडतात, आजारी विद्यार्थ्याला वेगळं ठेवायला खोली आहे का, पालकांना कळवण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या माणसाची आणि किती तासांत, आणि बुडालेली प्रॅक्टिकल कधी भरून देणार. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीसाठी मी हे चार प्रश्न अर्जात लिहून दिले आहेत. कुणाला त्याची प्रत हवी असेल तर देईन.