मुलं नेणारे वेष बदलून येत नाहीत

‘सावधान! मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरलीय. साधू, बहुरूपी, फेरीवाल्यांच्या वेषात येतात. किडनी काढून विकतात. राज्यात हजारो मुलं पळवली गेलीत. दिसले की आधी चोप द्या, मग पोलिसांना कळवा.’ गावाचं नाव बदलून हा मेसेज फिरतच असतो.

आधी या मेसेजबरोबर येणारा व्हिडिओ. मोटारसायकलवरून मूल उचलून नेतात तो. ती कराचीतल्या एका संस्थेनं केलेली जनजागृतीची जाहिरात आहे. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढंच कुणीतरी कापलंय.

किडनी काढायला ऑपरेशन थिएटर लागतं, बसवायला रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात. झोळीत घालून न्यायची वस्तू नाही ती. किडनीचे गैरव्यवहार होतात, पण ते दवाखान्यात, खोट्या नात्याचे कागद करून, कर्जात बुडालेल्या मोठ्या माणसांच्या किडन्यांचे.

‘हजारो पळवली’ हा आकडा मात्र हवेतला नाही. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हरवलेल्या प्रत्येक मुलाची नोंद गुन्हा म्हणून घ्या, म्हणजे तपास तरी होईल. तेव्हापासून घरातून रागानं निघून गेलेला मुलगा आणि प्रियकराबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगीही अपहरणाच्या रकान्यात येते. तो आकडा टोळीचा नव्हे.

आता वेषाचं. 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या एका कातकरी मुलीला मरणासन्न अवस्थेत रात्री झोपडीबाहेर आणून टाकलं. वय दहाच्या आसपास. काही दिवसांत ती गेली. मग उघड झालं, की तिच्यासारखी कितीतरी मुलं थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढ्या वळायला नगर जिल्ह्यात नेली होती. कुणी झोळीत घातली नव्हती. घरी येऊन, आईबापांशी बोलून, व्यवहार ठरवून नेली होती. वेठबिगारी 1976 पासून कायद्यानं बंद आहे. त्या पाड्यांवरच्या मुलांबद्दल किती ग्रुपवर ‘सावधान’ आलं?

लैंगिक अत्याचाराचंही तेच. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत साधारण 95 टक्के आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात: नातलग, शेजारी, मालक, लग्नाचं आमिष दाखवणारा. ऊसतोडीला जाताना म्हाताऱ्या आजीजवळ ठेवलेल्या मुलीला धोका गोसाव्याकडून नसतो, आणि हे बीडमधल्या आयांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर चौदा-पंधराव्या वर्षी लग्न उरकतात, तोही अत्याचारच.

राहिला चोप. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडच्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती.

मूल हरवलं तर ठाण्यात गुन्हा नोंदवायलाच हवा. ‘चोवीस तास थांबा’ असा नियम नाही. मूल राबताना किंवा अत्याचारात दिसलं तर 1098 लावा. पोक्सोचा गुन्हा ठाऊक असून न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे, मग आरोपी सख्खा काका का असेना.